पिल्लू मान खाली घालते तेव्हा



गेल्या महिन्यात या स्तंभासाठी आलेल्या पत्रांपैकी एक पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. लिहिणाऱ्या भगिनी निवृत्त शिक्षिका आहेत, वय बहात्तर. दीड वर्षापूर्वी त्यांच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. चालणे बरेचसे सुधारले, वाचा मात्र पुरती परतली नाही. परगावी राहणाऱ्या मुलाने ‘बाबांना सोबत’ म्हणून कुत्र्याचे एक पिल्लू आणून दिले. आणले तेव्हा ते अवघे पाच आठवड्यांचे होते. पत्र लिहिले तेव्हा अकरा आठवड्यांचे झाले होते.

त्या लिहितात : ‘‘घरभर ओले करते, चपला कुरतडते, रात्री रडते. ओल्या जागी नेऊन रागे भरले, की मान खाली घालते, कान मागे पाडते, शेपूट पायांत घेते. म्हणजे आपले चुकले हे त्याला कळते. कळूनही पुन्हा तेच! परवा मी वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली, तेव्हा खुर्चीतून ‘नको’ असा शब्द आला. इतका स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून मी कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. मुलगा म्हणतो, झेपत नसेल तर परत देऊ. माझीही कंबर आता साथ देत नाही. काय करावे?’’

या भगिनींना मी टपालाने लगेच उत्तर पाठविले. कारण अकरा आठवड्यांच्या पिल्लाच्या आयुष्यात एक पंधरवडा हा फार मोठा काळ असतो. परंतु मुलांनी प्रेमाने आणून दिलेले पिल्लू आणि त्याच्यामागे धावताना थकलेले आईवडील हे चित्र आज अनेक घरांत दिसते. म्हणून तेच उत्तर आपणा सर्वांसाठी येथे विस्ताराने देत आहे.

पहिले चौदा आठवडे

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. ऊब, वास आणि स्पर्श एवढेच त्याचे जग. साधारण दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात आवाज ऐकू येऊ लागतात, आणि तेथून त्याच्या मनाची खरी जडणघडण सुरू होते. पुढचे काही आठवडे आई आणि भावंडे हीच त्याची शाळा असते. खेळताना भावंडाला जोराने चावले, की ते केकाटते आणि खेळ थांबतो. दूध पिताना दात लागले, की आई उठून जाते. दात किती जोराने लावावेत, हा आयुष्यभर उपयोगी पडणारा धडा पिल्लू येथे शिकते. पाचव्या आठवड्यात उचलून आणलेल्या पिल्लाची ही शाळा अर्ध्यावर सुटते. आपल्या देशातील २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लाची विक्री करता येत नाही, ती याचसाठी. तेव्हा आपल्या पत्रलेखिकेच्या घरचे पिल्लू फार चावरे असेल, तर तो त्याचा दुष्टपणा नव्हे. तो न शिकलेला धडा आहे. तो आता घरातील माणसांनी शिकवावयाचा आहे.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९६१ साली, तेथीलच एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते. काही पिल्लांना उंच कुंपणाच्या मोकळ्या मैदानात, माणसाचा सहवास लाभू न देता वाढविण्यात आले. त्यांपैकी काहींना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या वा नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांच्या सहवासात ठेवले. ती कमीअधिक प्रमाणात माणसाळली. ज्यांना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही, ती मात्र रानातल्या प्राण्यासारखी बुजरी राहिली; पुढे पुष्कळ प्रयत्न करूनही त्यांची भीती पुरती गेली नाही.

यावरून घ्यावयाचा बोध असा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार सताड उघडे असते. या काळात जे सौम्यपणे भेटते, ते ‘आपले’ ठरते. नंतर जे प्रथमच भेटते, ते आधी ‘परके’ वाटते. म्हणून या दिवसांत पिल्लाला घरातल्या घरात जगाची ओळख करून द्यावी. काठीचा ठकठक आवाज, चाकाची खुर्ची, कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरची घंटा, छत्री, टोपी घातलेला माणूस, लहान मूल, दूधवाला या सर्वांशी त्याची गाठ घालावी. परंतु ती लांबून, थोडा वेळ आणि तोंडात काही चविष्ट पडत असताना. पिल्लू मागे सरले, तर आपणही त्याला घेऊन मागे सरावे. ओढून जवळ नेऊ नये. लसीकरण पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, जेथे इतर कुत्री फिरतात तेथे, त्याला जमिनीवर सोडू नये; पार्व्होसारखे जीवघेणे आजार तेथून येतात. मात्र कडेवर घेऊन फाटकापाशी पाच मिनिटे उभे राहण्यास काहीच हरकत नाही. फटाक्यांचा आवाज एकदम दिवाळीतच कानी पडू नये. भ्रमणध्वनीवर अगदी हळू आवाजात, जेवणाच्या वेळी, तो आधी ऐकवता येतो.

अपराध नव्हे, भय

आता त्या खाली घातलेल्या मानेकडे वळू. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याच प्रश्नाचा छडा लावला. चौदा पाळीव कुत्र्यांवर हा प्रयोग झाला. समोर खाऊ ठेवून मालकाने ‘खायचा नाही’ असे बजावावयाचे आणि खोलीबाहेर जावयाचे. परतल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला सांगितले जाई. पण कधी खरे, तर कधी मुद्दाम खोटे. त्यामुळे काही वेळा न खाणाऱ्या कुत्र्यालाही बोलणी बसली. निष्कर्ष असा, की ‘अपराधी’ चेहरा हा खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही यावर अवलंबून होता. इतकेच नव्हे, तर ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते आणि तरीही बोलणी खाल्ली, त्यांचा चेहरा अधिक ‘अपराधी’ दिसला.

म्हणजे मान खाली जाते ती पश्चात्तापाने नव्हे. ती आपल्या आवाजाच्या भयाने जाते. ‘रागावू नका’ अशी ती विनवणी असते. घटकाभरापूर्वी केलेले ओले आणि आत्ताचे रागावणे यांची सांगड पिल्लाला घालता येत नाही. त्याला एवढेच उमगते, की आजी आणि ओली जागा एकत्र आली, की काहीतरी भयंकर घडते. मग ते पलंगाखाली, कपाटामागे, आपल्या नजरेआड ओले करू लागते. आपण म्हणतो, ‘लबाड झाले’. प्रत्यक्षात ते फक्त घाबरलेले असते.

याचा अर्थ कुत्र्याला भावना नसतात असा मुळीच नाही. भय, आनंद, राग, जिव्हाळा आणि विरहाची कासाविशी या भावना त्याच्या ठायी उघड दिसतात. अटलांटा येथील एमरी विद्यापीठात ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना गुंगी न देता, केवळ शिकवून, एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहण्याची सवय लावली. निरनिराळे वास दिले असता, ओळखीच्या माणसाच्या वासाने मेंदूतील सुखाच्या अपेक्षेशी निगडित भाग सर्वाधिक उद्दीपित झालेला आढळला. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की पाळीव कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांकडे दीर्घकाळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते. आई आणि तान्हे बाळ यांच्या बंधाशी निगडित असलेले हेच ते संप्रेरक. सोबत ही कल्पना नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. मात्र जो प्राणी आपल्याशी इतका बांधला जातो, त्याला आपले भयही तितकेच खोल लागते.

म्हणून भयाच्या बारीक खुणा ओळखण्यास शिकावे. झोप नसता जांभई देणे, समोर खाणे नसता ओठ चाटणे, तोंड फिरविणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागणे, अंग ताठ करून एकदम थिजणे, या सर्वांचा अर्थ ‘मला थोडी जागा द्या’ असा असतो. शेपूट हलणे म्हणजे नेहमीच आनंद नव्हे. अंग सैल आणि शेपूटही सैल असेल तरच तो आनंद समजावा. आणि गुरगुरणे? ते तर कुत्र्याचे सौजन्य आहे. चावण्यापूर्वी ते आपल्याला सूचना देते. गुरगुरण्याबद्दल मारले, तर कुत्रा चावण्याचे सोडीत नाही. सूचना देण्याचे सोडतो.

शिकवावे कसे?

‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. शेपटाचे ठाऊक नाही. कुत्र्याचे मन मात्र विलक्षण वळणारे आहे. ते नळीत कोंबून वळत नाही, एवढेच. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली ब्याण्णव कुत्र्यांची तुलना केली. धाक आणि हिसका वापरून शिकविलेल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणे आणि ताणाच्या संप्रेरकाचे प्रमाण अधिक आढळले. बक्षीस देऊन शिकविलेल्यांत कमी.

शिकवण्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते : जे हवे ते घडताच, त्याच क्षणी, शाबासकी द्यावी, जे नको ते घडूच नये अशी घराची मांडणी करावी. चपला उंचावर ठेवणे हे रागावण्यापेक्षा सोपे असते.

शू-शीचे वळण : या वयाच्या पिल्लाला फार वेळ धरून ठेवता येत नाही. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर त्याला त्याच्या ठरलेल्या जागी न्यावे. ती न्हाणीघराचा कोपरा असो वा अंगणाची कड, पण एकच असावी. काम होताच, ते आपल्याकडे वळण्याच्या आत, गोड शब्द आणि एक लहानसा घास द्यावा. चुकीच्या जागी झाले, तर काही न बोलता पुसून घ्यावे. जागा नीट धुवावी, वास राहू देऊ नये. वास राहिला की पिल्लू तीच जागा आपली मानते.

चावणे : दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. दात हाताला लागले, की ओरडू नये, हात झटकूही नये. झटकलेला हात म्हणजे त्याला खेळ वाटतो. हात स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा, तोंड फिरवावे. क्षणभराने चघळण्याजोगे खेळणे किंवा ओले करून गार केलेल्या जाड फडक्याची गाठ समोर धरावी. आईने आणि भावंडांनी शिकवावयाचा धडा तो हाच.

एकटे राहणे : आईवेगळ्या पिल्लाचे रात्रीचे रडणे हा हट्ट नसून आकांत असतो. पहिले काही आठवडे त्याची गोधडी आपल्या पलंगाजवळ असावी. दिवसा आधी अर्धे मिनिट, मग दोन मिनिटे, मग पाच, असे दाराआड जाऊन परत यावे. आपण परत येतो, हा विश्वास त्याला हळूहळू बसतो. झोपेतही कुचराई नको. या वयात पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपते. न झोपलेले पिल्लू चिडचिड्या बाळासारखे अधिकच चावते.

शब्द : ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ असे तीनच शब्द प्रथम घ्यावेत आणि घरातील सर्वांनी तेच वापरावेत. एकाने ‘खाली बस’, दुसऱ्याने ‘सिट’ म्हटले, तर पिल्लू गोंधळते. एका वेळी दोन-तीन मिनिटांपेक्षा अधिक धडा नको.

ज्येष्ठांच्या घरातील दक्षता

पहिली भीती पडण्याची. पिल्लू पायांत घोटाळते आणि ते कोठे आहे हे आपल्याला कळत नाही. त्याच्या पट्ट्याला लहानसे घुंगरू बांधावे. फरशी ओली राहू देऊ नये. रात्री न्हाणीघरापर्यंत मंद दिवा असावा. फिरविताना पट्टा मनगटाभोवती गुंडाळू नये. हिसका बसला तर हात आणि तोल दोन्ही जातात. वाढलेल्या कुत्र्याला बाहेर नेण्याचे काम तोल सावरता न येणाऱ्यांनी अंगावर घेऊच नये.

दुसरी बाब त्वचेची. उतारवयात त्वचा पातळ होते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पिल्लाच्या सुईसारख्या दाताने झालेली लहान जखमही वाहत राहते. मधुमेहींनी पायांकडे रोज लक्ष द्यावे. चावा वा ओरखडा लागल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. रेबीज एकदा बळावला, की त्यावर उपाय उरत नाही. वेळेवर घेतलेली लस मात्र खात्रीने वाचवते. पिल्लाला स्वतःला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या सुमारास देतात. इतर लसी आणि जंतनाशके यांचे वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घेऊन औषधांच्या डब्यापाशी लावावे.

तिसरी बाब त्या औषधांच्या डब्याचीच. हातातून निसटलेली गोळी आपल्याला सापडण्यापूर्वी पिल्लाला सापडते. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या लहान पिल्लाच्या जिवावर बेतू शकतात. गोळ्या मेजावर, ताटात मोजून घ्याव्यात. चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे, कांदा-लसूण आणि बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये असणारे झायलिटॉल हेही त्याला विषासमान आहे.

ठेवावे की परत द्यावे?

निरोगी कुत्रा साधारण दहा ते चौदा वर्षे जगतो. बहात्तराव्या वर्षी घेतलेले पिल्लू आपल्या ऐंशीच्या पलीकडेही आपल्याजवळ असेल, आणि कदाचित आपण त्याच्याजवळ नसू. हा विचार अशुभ म्हणून टाळू नये. तो प्रेमाचाच भाग आहे. म्हणून पिल्लू आणून देणाऱ्या मुलामुलींना माझे सांगणे आहे, की पिल्लाबरोबर स्वतःचे वचनही आणून द्या. आईवडील आजारी पडले, तर कुत्रा कोणाकडे जाईल? सकाळ-संध्याकाळ कोण फिरवील? लसींचा, खाण्याचा खर्च कोण करील? याची उत्तरे कागदावर लिहिलेली असावीत. ज्या ज्येष्ठांना हवी असते ती सोबत, आणि ज्यांना बाळंतपणाची धावपळ झेपणार नाही, त्यांनी पिल्लाऐवजी चार-पाच वर्षांचा, शांत स्वभाव ठाऊक असलेला कुत्रा घ्यावा. प्राण्यांच्या निवाऱ्यांत असे देशी कुत्रे घराची वाट पाहत असतात, आणि वयात आलेला कुत्राही नव्या माणसावर जीव लावतो.

पत्रलेखिका भगिनींना मी लिहिले : ठेवा, पण तीन अटींवर. मुलाने वरील प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत. निदान सहा महिने फिरविण्यासाठी विश्वासू माणूस नेमावा. आणि वर्तमानपत्राची गुंडाळी पुन्हा उगारू नये. यांतील एकही अट पाळणे शक्य नसेल, तर पिल्लासाठी चांगले घर शोधा आणि ते लवकर शोधा. मनाचे दार उघडे आहे तोवर नव्या घरी रुळणे त्याला सोपे जाईल. योग्य घरी देणे हे पाप नव्हे. रस्त्यावर सोडणे मात्र क्रौर्य आहे, आणि कायद्याने गुन्हाही.

आणखी एक सुचविले होते. पिल्लाला शिकविण्याचे काम यजमानांकडे सोपवावे. त्यांनी खुर्चीत बसूनच एकेक घास द्यावा, एकच शब्द म्हणावा आणि सोबत हाताची खूण करावी. कुत्र्याने वाचा परत येते असे मी म्हणणार नाही. वाचोपचार तज्ज्ञांकडे जाणे चालूच ठेवावे. परंतु शब्द उच्चारण्यास दिवसातून दहा वेळा कारण मिळणे, आणि ऐकणारा न कंटाळता समोर बसून राहणे, हेही काही कमी नाही.

परवा त्यांचे कार्ड आले. मुलाने कागद लिहून पाठविला आहे; शेजारचा महाविद्यालयीन मुलगा सकाळ-संध्याकाळ येतो. वर्तमानपत्र आता न्हाणीघराच्या कोपऱ्यात पसरलेले असते. ओले अजून कधीकधी भलतीकडे होते. यजमान ‘बस’ म्हणतात. कधी शब्द चुकतो आणि ‘बस’च्या जागी दुसरेच काही येते. पिल्लू त्यांचा हात पाहते आणि बसते.